नफा कंपनीचा, हमी सरकारची



सरकारी म्हणजे गबाळे आणि खाजगी म्हणजे झकास, ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे की तिचा पुरावा कोणी मागत नाही. गाडी वीस मिनिटे उशिरा आली की डब्यातला कोणीतरी म्हणतोच, "द्या एकदाची खाजगीला!" पोस्टाच्या खिडकीवर सर्व्हर बंद पडून रांग लांबली की तिथेही हेच ऐकू येते. असे म्हणणारा माणूस भांडवलदार नसतो. तो तुमच्या-आमच्यासारखा नोकरदार असतो, छोटा दुकानदार असतो, कधी कधी आपल्याच घरातला मुलगा असतो. त्याच्यावर चिडून भागणार नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते घोषणेचे नको, हिशेबाचे हवे.

हिशेब मांडायचा तर आधी प्रश्न नीट विचारला पाहिजे. "सरकारी चांगले की खाजगी चांगले?" हा प्रश्न शाळेतल्या वादविवाद स्पर्धेला ठीक आहे. आपण कामगारांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. धंदा चालला तर पैसा कोणाच्या खिशात जाणार, आणि बुडाला तर ओझे कोणाच्या डोक्यावर येणार? हा एकच प्रश्न हातात धरून गेल्या पावणेदोनशे वर्षांतले काही करार तपासू.

आपल्या रेल्वेची सुरुवातच खाजगी कंपनीपासून झाली, हे नव्या पिढीतल्या पुष्कळ कामगारांना ठाऊक नसते. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी, म्हणजे आपली जुनी जीआयपी, आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. त्या हमीच्या पद्धतीचा सारांश असा. जमीन सरकार फुकट देणार. भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी सरकार देणार. रेल्वेला उत्पन्न झाले तर त्यातून, नाही झाले तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून. उत्पन्न ५ टक्क्यांच्या वर गेले तर त्यातही कंपनीचा वाटा. आणि सगळ्यात मजेची अट पुढेच आहे. रेल्वे चालवणे नकोसे झाले तर सहा महिन्यांची नोटीस देऊन कंपनीने ती सरकारच्या स्वाधीन करावी आणि घातलेले भांडवल परत घ्यावे! गावचा सावकारसुद्धा इतका सुखी नसतो. त्याला निदान कूळ पळून जाण्याची धास्ती असते.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. त्या दिवसाचे कौतुक दरवर्षी होते, आपणही करतो, करावेच. पण हमीने पुढे काय केले तेही माहीत असावे. पैसा बुडण्याची भीतीच नसल्यावर खर्च कोण बघतो? हमीवाल्या कंपन्यांच्या मार्गांचा दर मैलाचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. तिचा भावार्थ असा की, पाच टक्के पक्के असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा त्याच्या विटा झाल्या काय, भांडवलवाल्याला दोन्ही सारखेच होते. हे बोलणारा कोणी लाल झेंडेवाला नव्हता, इंग्रज सरकारचाच माणूस होता.

त्याच काळात, १८५६ ते १८६३ या वर्षांत, बोरघाट फोडला गेला. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर तिथे मेले. लंडनच्या भागधारकाला ५ टक्क्यांची हमी होती, बोरघाटातल्या बिगाऱ्याला दुसऱ्या दिवशीची हमी नव्हती. दादाभाई नवरोजींनी आणि ग. व्यं. जोशींनी या व्यवहारावर त्या काळी जे लिहिले ते आकड्यांनिशी लिहिले, म्हणून ते आजही खोडता येत नाही.

१९०० साली सरकारने जीआयपी विकत घेतली, पण चालवायला पुन्हा त्याच कंपनीकडे ठेवली. मालक सरकार, कारभारी कंपनी! पहिल्या महायुद्धानंतर रेल्वेची दशा अशी झाली की १९२० मध्ये सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. नव्या इंजिनांचा भार न पेलणारे पूल, बदलण्याची तारीख केव्हाच उलटून गेलेले रूळ, इंजिने आणि वाघिणी, हे सगळे समितीने नोंदवले. तिने दोष एकट्या कंपन्यांना दिला नाही, सरकारच्या तिजोरी-खात्यालाही दिला. रेल्वेला लागणारा पैसा दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर ठेवल्यामुळे हे झाले, असे तिचे म्हणणे होते. म्हणून १९२४ मध्ये रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण हिशेबापासून वेगळा झाला, आणि कंपनीची मुदत संपताच १ जुलै १९२५ पासून जीआयपी सरकारच्या हाती आली. पुढे २०१७ मध्ये रेल्वेचे अंदाजपत्रक पुन्हा सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिसळले गेले, तेव्हा ॲकवर्थचा अहवाल दिल्लीत कोणी उघडून पाहिला असेल का, अशी शंका येते.

जाता जाता, कंपन्यांचे शेपूट स्वातंत्र्यानंतरही राहिले होते. बार्शी लाइट रेल्वे १९५४ पर्यंत कंपनीचीच होती. आणि विदर्भातल्या आपल्या वाचकांना यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला आठवत असेल. रूळ कंपनीच्या मालकीचे आणि त्यांवर गाडी चालवणारे कर्मचारी सरकारी, असा तो संसार स्वतंत्र भारतात कित्येक दशके चालला. रुळांकडे कोणी बघितले नाही, गाडीचा वेग उतरत गेला आणि शेवटी गाडीच थांबली.

आता म्हणाल, ही इंग्रजांची गोष्ट झाली. तर मग दाभोळ घ्या.

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर वीजनिर्मितीत खाजगी आणि परदेशी कंपन्यांना बोलावताना सरकारने भागभांडवलावर १६ टक्के परताव्याचे आश्वासन दिले. पाचाचे सोळा झाले, एवढीच काय ती प्रगती! १९९३ च्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. वीज घ्या किंवा घेऊ नका, स्थिर आकार मंडळाने भरायचा. त्यावर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. १९९५ मध्ये राज्यातल्या नव्या सरकारने करार रद्द केला, आणि वाटाघाटी होऊन तो प्रकल्प पुन्हा उभा राहिला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. दर इतका चढला की २००१ मध्ये मंडळाने वीज घेणेच थांबवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. मागे राहिलेला प्रकल्प २००५ मध्ये कोणी उचलला? एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी. कराराची चौकशी करणाऱ्या माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये काय लिहिले ते ज्यांना शक्य असेल त्यांनी जरूर वाचावे. ग्राहकाला विजेचा दर ठरवताना असला करार कसा होऊ शकतो, हे त्यावरून कळते.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे, म्हणजे रुळांचे आहे. नवी दिल्ली स्टेशन ते विमानतळ आणि पुढे द्वारका अशी २२.७ किलोमीटरची मेट्रो. पूल आणि बोगदे बांधायचे दिल्ली मेट्रोने, म्हणजे सरकारी महामंडळाने. रूळ, सिग्नल, डबे आणि गाड्या चालवणे रिलायन्स इन्फ्राच्या कंपनीकडे. मुदत ३० वर्षे. फेब्रुवारी २०११ मध्ये गाडी सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये बंद पडली, कारण उन्नत मार्गावर गर्डरखालच्या बेअरिंगांत दोष निघाले. हा दोष बांधकामाचा, म्हणजे सरकारी बाजूच्या कामातला होता, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. आपल्या बाजूचे असले म्हणून झाकायचे नाही. दुरुस्ती झाली, सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र मिळाले, जानेवारी २०१३ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. पण कंपनीने ऑक्टोबर २०१२ मध्येच करार संपवल्याची नोटीस दिली होती. प्रवासी अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळत होते, हेही तितकेच खरे. १ जुलै २०१३ पासून तीस वर्षांचा तो संसार दिल्ली मेट्रोच्या गळ्यात पडला.

पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. गाड्या एक दिवसही बंद न ठेवता दिल्ली मेट्रोच्या कर्मचाऱ्यांनी तो मार्ग ताब्यात घेतला. भाडे कमी केले, तसे प्रवासी वाढले. वेगही टप्प्याटप्प्याने वाढवत २०२३ मध्ये ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेला. म्हणजे मार्ग चालवता येत होता! इकडे लवादाने २०१७ मध्ये कंपनीला सुमारे २,७८२ कोटी रुपये आणि त्यावर व्याज देण्याचा निवाडा केला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. व्याज चढत चढत रक्कम कित्येक हजार कोटींवर गेली. शेवटी १० एप्रिल २०२४ रोजी, शेवटचा उपाय म्हणून केलेल्या अर्जावर, त्याच न्यायालयाने निवाडा रद्द केला. सुरक्षा प्रमाणपत्रासारखा महत्त्वाचा पुरावा लवादाने विचारात घेतला नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सात वर्षे ही टांगती तलवार होती ती दिल्लीच्या प्रवाशाच्या आणि करदात्याच्या डोक्यावर. सहा महिन्यांच्या नोटिशीची जीआयपीची अट आठवते ना?

परदेशाचे दाखले आपल्याला नेहमी दिले जातात, तेव्हा एक दाखला आपणही देऊ. ज्या ब्रिटनने जगाला रेल्वे दिली, त्याने १९९३ च्या कायद्याने ती तुकडे करून विकली. गाड्या एकाच्या, डबे दुसऱ्याच्या, आणि रूळ, सिग्नल, स्टेशने रेलट्रॅक नावाच्या कंपनीचे. रेलट्रॅकने रुळांची देखभाल ठेकेदारांना दिली. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनच्या उत्तरेला हॅटफील्डजवळ गाडीखाली रूळ फुटला, शब्दशः तुकडे तुकडे झाला, आणि चार माणसे मेली. त्या रुळाला भेगा पडल्या आहेत हे आधीच माहीत होते. बदली रूळ तयारही होता, फक्त बसवला गेला नव्हता.

गँगमध्ये काम केलेल्या माणसाला यातली खरी भयंकर गोष्ट पुढे दिसेल. अपघातानंतर अशा भेगा देशात आणखी कुठे कुठे आहेत, हे कंपनीला सांगता येईना. आपल्याकडे कीमन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. कुठली चावी सैल होते, कुठल्या वळणावर रूळ झिजतो, पावसाळ्यात कुठे माती बसते, हे त्याच्या पायांना ठाऊक असते. ते ज्ञान कुठल्या रजिस्टरात पूर्ण उतरत नाही. ब्रिटनमध्ये अनुभवी माणसे घरी पाठवली, काम ठेक्यावर गेले, आणि त्याबरोबर ते ज्ञानही गेले. मग भीतीपोटी देशभर हजारावर ठिकाणी वेगमर्यादा लावाव्या लागल्या आणि कित्येक महिने वेळापत्रकाचा बोजवारा उडाला. ऑक्टोबर २००१ मध्ये रेलट्रॅक बुडाली. २००२ मध्ये नेटवर्क रेल ही संस्था आली आणि तिने दोनएक वर्षांत देखभालीचे काम ठेकेदारांकडून काढून पुन्हा आपल्या माणसांकडे घेतले. गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांची मुदत संपेल तशा त्या सरकारकडे घेण्याचा कायदा २०२४ मध्ये झाला, आणि २५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न रेल्वेपासून त्याची सुरुवात झाली. तीस वर्षांनी घोडे पुन्हा तबेल्यात आले. मधल्या काळात चारा कोणी खाल्ला ते विचारू नका.

इथे कोणी म्हणेल, सेक्रेटरी एकच बाजू मांडतो आहे. मागे एका गेट मीटिंगनंतर शेडमधल्या तरुण अप्रेंटिसने मला सरळच विचारले, "काका, मोबाइल तर खाजगीनेच स्वस्त केला ना? मग रेल्वेने काय घोडे मारले?" प्रश्न रास्त होता. घरात फोन घ्यायचा तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, खासदाराची चिठ्ठी आणावी लागे, हे आमच्या वयाच्या कोणाला नाकारता येईल? मोबाइल आला, चार कंपन्या आल्या, त्यांच्यात चुरस लागली आणि भाजीवाल्याच्या हातात फोन आला. ते चांगलेच झाले.

पण चुरस का लागली ते बघा. एका गावावर चार टॉवर उभे राहू शकतात. एक कंपनी पसंत नसेल तर ग्राहक दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो. भुसावळहून मनमाडला जायला दुसरी रेल्वे कुठे आहे? दुसरा लोहमार्ग, दुसरा पूल, दुसरे यार्ड कोणी टाकणार नाही आणि टाकूही नये. जिथे ग्राहकाला उठून जाता येत नाही तिथे चुरस नसते, मक्तेदारी असते. आणि मक्तेदारी ठेवायचीच असेल तर ज्याला निवडणुकीत जाब विचारता येतो, संसदेत प्रश्न विचारता येतो, त्याच्याकडे असलेली बरी. मोबाइलच्या बाबतीतही चुरशीत बीएसएनएलचे हात बांधून ठेवले गेले. खाजगी कंपन्या ४जी विकत असताना बीएसएनएलला ४जी वर्षानुवर्षे मिळाले नाही, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने एका दिवशी घरी गेले. एका पैलवानाचे पाय बांधायचे आणि मग तो हरला म्हणून टाळ्या पिटायच्या, याला कुस्ती म्हणत नाहीत.

सरकारी संस्थेला काम करायचे असले की करता येते, याला कोकण रेल्वेपेक्षा मोठा पुरावा नको. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ ही चार राज्ये भागीदार. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठिंबा, ई. श्रीधरन यांचे नेतृत्व. सह्याद्रीतले बोगदे, दऱ्यांवरचे पूल, कोकणातला पाऊस, एवढे सगळे पार करून २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत मार्ग खुला झाला. ठरल्यापेक्षा काही वर्षे जास्त लागली, पण इंग्रजांनी शंभर वर्षांत जे हाती घेतले नाही ते झाले. पण त्यातलाही एक धडा लपवू नये. पैसा अर्थसंकल्पातून न देता बाजारातून रोखे काढून उभारला, त्याचे व्याज महामंडळाच्या मानेवर बसले, आणि ते फेडण्यासाठी कोकणच्या प्रवाशाकडून किलोमीटर वाढवून मोजून जास्त भाडे घेतले गेले. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याने आपल्या रेल्वेचे व्याज स्वतः भरले. संस्था सरकारी असली तरी पैसा कुठल्या अटीवर आणला हे पाहावे लागते, ते यासाठी.

पोस्टातल्या बंधू-भगिनींना वाटेल, रेल्वेवाला रेल्वेचेच गातो. तसे नाही. देशात १ लाख ६४ हजारांहून अधिक पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. पत्र पुण्यात कोथरूडहून कसब्यात जाणार असो की गडचिरोलीच्या टोकाच्या पाड्यावर, तिकीट एकच. पहिल्या पत्रात चार पैसे सुटतात म्हणून दुसरे पत्र पोचते. कुरिअरवाल्याला पहिले पत्र हवे असते. १८९८ च्या कायद्याने पत्रे पोचवण्याचा एकाधिकार सरकारला दिला होता तो यासाठीच. २०२३ च्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यात ते कलम राहिले नाही, आणि २०२४ च्या जूनपासून तो कायदा लागू झाला. व्यवहारात कुरिअर केव्हाच आले होते, नुसते कागदावर होते ते गेले, असे काही जण म्हणतात. असेल. पण पहिल्या पत्राचा पैसा गेल्यावर दुसरे पत्र कोणाच्या पैशाने पोचवायचे, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही. ते आज पोचते आहे ग्रामीण डाक सेवकाच्या पायांवर, ज्याला चार-पाच तासांचा मोबदला मिळतो, खात्याचा पूर्ण कर्मचारी म्हणून पेन्शन मिळत नाही, आणि तरीही लोक ज्याला "आमचा पोस्टमन" म्हणतात.

पुन्हा ब्रिटनकडेच पाहा. रॉयल मेल २०१३ मध्ये शेअर बाजारात विकली गेली, २०२५ मध्ये ती परदेशी उद्योगपतीच्या हाती गेली. त्याच वर्षी तिथल्या नियामकाने साधी टपाल रोज न वाटता आठवड्यातल्या दिवसाआड वाटण्याची मुभा दिली.

शेवटची गोष्ट आपल्याच घरातली. १ जुलै २०२० रोजी, टाळेबंदीतून देश बाहेर येत असताना, रेल्वे मंत्रालयाने १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्या चालवण्यासाठी अर्ज मागवले. ३० हजार कोटींची खाजगी गुंतवणूक येणार, ३५ वर्षांची मुदत, भाडे ठरवण्याची कंपनीला मोकळीक, ड्रायव्हर-गार्ड मात्र रेल्वेचे. सुरुवातीला पंधरा कंपन्यांनी रस दाखवला. रुळांचे भाडे, विजेचा खर्च आणि उत्पन्नातला हिस्सा रेल्वेला द्यायचा, प्रवाशांची हमी कोणी देणार नाही, हे आकडे मांडून झाल्यावर जुलै २०२१ मध्ये बोली उघडल्या तर बोली लावणारे दोनच! त्यांतली एक आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी. ती योजना गुंडाळावी लागली.

हमी होती तेव्हा लंडनहून पैसा धावत आला. हमी होती तेव्हा अमेरिकेहून एन्रॉन आली. "धोका तुमचा" म्हटल्याबरोबर मैदान मोकळे झाले. ज्या तेजस गाड्या खाजगीकरणाचा नमुना म्हणून आयआरसीटीसीने चालवायला घेतल्या, त्या नोव्हेंबर २०२० मध्ये प्रवासी नाहीत म्हणून थांबवल्या गेल्या. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. त्याच वर्षी १ मे पासून रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी ४,६०० हून अधिक श्रमिक गाड्या चालवून सुमारे ६३ लाख मजुरांना घरी पोचवले. त्यात आपले सहकारी आजारी पडले, काही परत आले नाहीत. त्या गाड्यांसाठी निविदा निघाली असती तर कोण पुढे आले असते?

आता खाजगीकरण गाजावाजा करून येत नाही. गाडी विकत नाहीत; डबा धुण्याचे काम विकतात, बेडरोल विकतात, रनिंग रूमचे स्वयंपाकघर विकतात, स्टेशनचा पार्किंगचा तुकडा विकतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत चार वर्षांत ६ लाख कोटी उभे करायचे होते, त्यांतले सुमारे दीड लाख कोटी एकट्या रेल्वेचे धरले होते. मुंबईत बेस्टने बसगाड्या भाड्याने घेतल्या, ड्रायव्हर ठेकेदाराचे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला तेव्हा बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुंबईकराने शिव्या कोणाला घातल्या? बेस्टला. ठेकेदाराचे नावही त्याला माहीत नव्हते.

आपल्या स्टेशनवर, शेडमध्ये, आरएमएसच्या कचेरीत ठेकेदाराची माणसे आपल्या शेजारी काम करतात. "ते ठेक्याचे, आपला काय संबंध" असे म्हणून आपण त्यांच्यापासून दूर राहिलो तर खाजगीकरणाचे अर्धे काम आपणच करून देऊ. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे १९७० च्या कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. हे त्या माणसांना कोणी सांगत नाही. आपण सांगायचे.

आणि प्रवाशाला, ग्राहकाला उत्तर द्यायचे ते कामाने. पंखा बंद आहे, पाणी नाही, खिडकी वेळेवर उघडली नाही, या तक्रारी त्याच्या जितक्या आहेत तितक्याच आपल्या आहेत, कारण रिकाम्या जागा न भरल्यामुळे दोघांचे काम आपल्यातला एक जण करतो आहे. शाखेच्या मागणीपत्रात पगारभत्त्यांच्या कलमांबरोबर प्रवाशांच्या या तक्रारीही क्रमांक देऊन घालाव्यात आणि त्याची प्रत स्थानिक प्रवासी संघटनेला द्यावी. काही शाखांनी हे सुरू केले आहे. तिथे प्रवासी संघटनेची माणसे आपल्या धरण्याला येऊन बसली.

प्रत्येक शाखा सचिवाने आपल्या हद्दीतील सफाई, खानपान, पार्किंग, बेडरोल, टपाल वाहतूक यांपैकी निदान एका ठेक्याच्या कराराची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. अर्ज साधा आहे, शुल्क दहा रुपये. प्रत हाती आली की तीन कलमे शोधून काढावीत: कमीत कमी उत्पन्नाची हमी कोणी कोणाला दिली आहे, ठेकेदार मध्येच सोडून गेला तर काम कोण करणार, आणि मजुराला कोणत्या दराने किती तारखेला पगार द्यायचा आहे. या तीन उत्तरांसह कागद फेडरेशनच्या कचेरीत मराठी विभागाच्या नावाने पाठवावेत. ठेकेदाराचे नाव न वगळता पाठवावेत. छापताना काय वगळायचे ते आमचे वकील बघतील.